घरातील प्रयोगशाळा

अळूच्या पानावर पावसाचा थेंब पडला की तो पसरत नाही. मोत्यासारखा गोल होऊन इकडून तिकडे घरंगळतो. वाटीतील पाण्यावर कोरडी सुई अलगद आडवी ठेवली तर ती तरंगते. परंतु त्या पाण्यात साबणाच्या पाण्याचा एक थेंब टाकताच ती बुडते. पाण्याचा वरचा थर ताणून बसवलेल्या पडद्यासारखा वागतो, म्हणून असे घडते. या ताणाला शास्त्रज्ञ पृष्ठताण असे म्हणतात. अशा गोष्टी आपण नित्य पाहतो आणि विसरून जातो. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतील एका तरुण मुलीने त्या पाहिल्या आणि ती त्या विसरली नाही. तिच्याजवळ प्रयोगशाळा नव्हती, पदवी नव्हती आणि शिकवणारा गुरूही नव्हता. तरीही घरच्या घरी तिने पृष्ठताण मोजण्याची जी रीत शोधून काढली, तिच्याच आधारे पुढे डॉक्टरांना अपुऱ्या दिवसांच्या बालकांचा श्वास का कोंडतो हे उमगले. त्या मुलीचे नाव ॲग्नेस पॉकेल्स.

ॲग्नेसचा जन्म १४ फेब्रुवारी १८६२ रोजी व्हेनिस या सुंदर शहरात झाला. व्हेनिस आज इटलीत असले, तरी त्या काळी तेथे ऑस्ट्रियाची सत्ता होती, आणि ॲग्नेसचे वडील ऑस्ट्रियाच्या सैन्यात अधिकारी होते. त्या भागात हिवतापाचा मोठा उपद्रव असे. वडिलांना त्या तापाने गाठले आणि त्यांची प्रकृती कायमची ढासळली. अखेर त्यांना सैन्यातून निवृत्त व्हावे लागले. सन १८७१ मध्ये हे कुटुंब जर्मनीतील ब्राउनश्वाइग या शहरी येऊन राहिले. ॲग्नेसचे पुढील सारे आयुष्य याच शहरात गेले.

ब्राउनश्वाइगच्या मुलींच्या शाळेत ॲग्नेसचे नाव घातले गेले. तिला निसर्गाविषयी विलक्षण कुतूहल होते आणि पदार्थविज्ञान हा तर तिचा आवडीचा विषय होता. परंतु मुलींच्या शाळेतील शिक्षण संपले की तिच्यापुढील वाट तेथेच संपत होती. त्या वेळी जर्मनीतील विद्यापीठांत स्त्रियांना प्रवेश मिळत नसे. तिचा धाकटा भाऊ फ्रेडरिक तिच्याहून तीन वर्षांनी लहान होता. तो पुढे गॉटिंगेनच्या विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकण्यासाठी गेला. ॲग्नेस मात्र घरी राहिली. आजारी वडिलांची शुश्रूषा, आईला मदत, स्वयंपाक, भांडीकुंडी आणि झाडलोट यांतच तिचा दिवस जाऊ लागला. काही वर्षांनी स्त्रियांसाठी विद्यापीठाची दारे हळूहळू किलकिली होऊ लागली, तेव्हाही आईवडिलांनी तिला शिक्षणासाठी घर सोडू नये अशी विनंती केली. ती तिने मानली.

फ्रेडरिक मात्र आपल्या बहिणीला विसरला नाही. तो तिला आपली पाठ्यपुस्तके देई. घरची कामे उरकली की ॲग्नेस ती पुस्तके उघडून बसे. गणितातील अवघड भाग समजावून सांगणारे जवळ कोणी नसे. तरीही एकेक पायरी चढत तिने आपला अभ्यास चालू ठेवला.

तिचा खरा गुरू मात्र तिच्या स्वयंपाकघरातच होता. भांडी धुताना पाण्यावर तेलातुपाचा तवंग येतो, हे कोणी पाहिलेले नाही? आपण तो पाहतो आणि पाणी ओतून देतो. ॲग्नेसने मात्र त्याकडे निरखून पाहिले. स्वच्छ पाणी आणि तवंग आलेले पाणी यांच्या पृष्ठभागांची वागणूक एकसारखी नाही, हे तिच्या ध्यानात आले. त्या वेळी तिचे वय अवघे अठरा वर्षांचे होते. ही वागणूक कशी बदलते, किती बदलते आणि कोणत्या क्षणी बदलते, हे जाणून घेण्याचा तिने ध्यास घेतला. केवळ पाहून भागणार नव्हते. मोजायला हवे होते.

मोजायचे तर साधन हवे. ते बाजारात मिळणारे नव्हते, म्हणून तिने ते स्वतःच तयार केले. तिने पत्र्याचे एक लांबट पात्र घेतले. ते ७० सेंटिमीटर लांब, ५ सेंटिमीटर रुंद आणि २ सेंटिमीटर उंच होते. ते तिने काठोकाठ पाण्याने भरले. मग सुमारे दीड सेंटिमीटर रुंदीची पत्र्याची एक पट्टी तिने पात्रावर अशी आडवी ठेवली की तिची खालची बाजू पाण्याला टेकावी. त्यामुळे पाण्याच्या पृष्ठभागाचे दोन भाग झाले. पट्टी उजवीकडे सरकवली की एका बाजूचा पृष्ठभाग आखडे आणि दुसऱ्या बाजूचा वाढे. पट्टी किती सरकली हे पात्राच्या पुढे धरलेल्या मोजपट्टीवर वाचता येई. राहिला प्रश्न ताण मोजण्याचा. त्यासाठी तिने एक हलका तराजू घेतला आणि त्याला बटणाएवढी, ६ मिलिमीटर व्यासाची एक चकती टांगली. चकती पाण्याला टेकवून, तिला पाण्यापासून सोडवण्यास किती वजन लागते ते ती पाही. जितका ताण अधिक, तितके वजन अधिक. किती साधे आणि किती अचूक साधन हे!

या साधनाने ॲग्नेसला दोन महत्त्वाच्या गोष्टी दाखवून दिल्या. पहिली अशी की, पट्टी पाण्यावरून सरकवत नेली म्हणजे पृष्ठभागावरील स्निग्ध मळ तिच्यापुढे गोळा होतो आणि मागे स्वच्छ पृष्ठभाग उरतो. अंगण झाडताना केरसुणीमागे स्वच्छ जमीन उरते, तसाच हा प्रकार. डोळ्यांना न दिसणारा मळही पृष्ठताण बदलून टाकतो. म्हणून स्वच्छ पृष्ठभाग मिळवण्याची ही युक्ती फार मोलाची ठरली. दुसरी गोष्ट याहून नवलाची होती. पाण्यावर तेलाचा अत्यंत पातळ थर असताना पट्टी सरकवून पृष्ठभाग आखडत नेला, तर आरंभी ताणात फरक पडत नसे. परंतु आखडता आखडता एक विशिष्ट मर्यादा आली की ताण एकाएकी झपाट्याने उतरू लागे. पट्टी मागे घेतली की तो पुन्हा वाढे. तेलाचे सूक्ष्म कण विरळ पसरलेले असतात तोवर ते पाण्याच्या ताणाला बाधा आणत नाहीत. मात्र ते दाटीवाटीने एकमेकांना चिकटून बसले की पाण्याचा ताण ढिला पडतो. ही दुसरी गोष्ट नीट ध्यानात ठेवावी, कारण तिचा संबंध पुढे आपल्या श्वासाशी येणार आहे.

सुमारे दहा वर्षे ॲग्नेस हे प्रयोग करीत राहिली. घरकामातून जी घटका मिळे, ती पात्रापाशी जाई. निरीक्षणे वहीत उतरत होती. परंतु ती वही जगापुढे कशी जावी? जिला पदवी नाही आणि जिच्या पाठीशी कोणती संस्था नाही, अशा स्त्रीचा लेख कोण छापणार? ते ज्ञान तिच्यापाशीच राहून विरून जाण्याची भीती होती.

अशा वेळी तिला एक वार्ता समजली. इंग्लंडमधील विख्यात शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले हे पाण्यावरील तेलाच्या पातळ थरांवर संशोधन करीत होते आणि १८९० मध्ये त्यांनी त्याविषयी लेख प्रसिद्ध केले होते. आपण घरी बसून ज्या प्रश्नाचा पाठपुरावा करीत आहोत, त्याच प्रश्नाकडे एवढा थोर शास्त्रज्ञ वळला आहे, हे पाहून ॲग्नेसने धीर केला. १० जानेवारी १८९१ रोजी तिने लॉर्ड रॅले यांना जर्मन भाषेत एक पत्र लिहिले. आपले साधन कसे आहे, त्याने काय मोजले आणि काय आढळले, हे तिने त्यात नेमक्या शब्दांत मांडले. शास्त्रीय नियतकालिकांतून लेख प्रसिद्ध करणे आपल्याला शक्य नाही, हेही तिने नम्रपणे कळवले. अनोळखी माणसाला, परक्या देशात, एका घरी राहणाऱ्या मुलीने लिहिलेले ते पत्र होते. ते वाचलेच जाईल याची शाश्वती नव्हती.

परंतु लॉर्ड रॅले जसे थोर शास्त्रज्ञ होते, तसेच ते थोर मनाचेही होते. त्यांच्या पत्नीने त्या पत्राचे इंग्रजीत भाषांतर केले. ते वाचताच, साध्या घरगुती साधनांनी या तरुणीने केवढे काम केले आहे हे त्यांनी ओळखले. ते पत्र त्यांनी ‘नेचर’ या प्रख्यात शास्त्रीय साप्ताहिकाकडे पाठवले आणि ते छापावे अशी शिफारस केली. १२ मार्च १८९१ च्या अंकात ते प्रसिद्ध झाले. लॉर्ड रॅले यांना ते निष्कर्ष आपल्या लेखात सहज सामावून घेता आले असते. परंतु ज्याचे श्रेय त्याला देण्यातच विद्वत्तेची शोभा आहे, हे ते जाणत होते.

या एका पत्राने ॲग्नेसबाईंचे नाव शास्त्रज्ञांच्या जगात पोहोचले. त्यानंतर त्यांनी आणखी कितीतरी लेख लिहिले. एखादा स्निग्ध पदार्थ बेंझीनमध्ये विरघळवून त्याचा थेंब पाण्यावर सोडायचा. बेंझीन उडून जाते आणि त्या पदार्थाचा अतिशय पातळ थर पाण्यावर पसरून राहतो, ही रीतही त्यांनी उपयोगात आणली. आजही प्रयोगशाळांत असे थर याच मार्गाने तयार केले जातात. भरती-ओहोटीवरील एका इंग्रजी शास्त्रीय ग्रंथाचे त्यांनी जर्मनमध्ये भाषांतरही केले. परंतु घरच्या जबाबदाऱ्या सुटल्या नव्हत्या. आईवडील दोघेही दीर्घकाळ आजारी होते आणि त्यांची सेवा ॲग्नेसबाईच करीत होत्या. वडील १९०६ मध्ये वारले. भाऊ फ्रेडरिक तोपर्यंत नामांकित प्राध्यापक झाला होता. तोही १९१३ मध्ये निवर्तला. पुढच्याच वर्षी आई गेली आणि त्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. ज्याच्यामुळे विज्ञानाच्या जगाशी त्यांचा संबंध राहिला होता, तो भाऊच नाहीसा झाला. हळूहळू त्यांचे संशोधन मंदावले.

त्यांनी लावलेले रोपटे मात्र वाढत राहिले. अमेरिकन शास्त्रज्ञ अर्व्हिंग लँगम्यूर यांनी ॲग्नेसबाईंच्या पात्रात सुधारणा करून १९१७ मध्ये नवे साधन तयार केले आणि पृष्ठभागाच्या रसायनशास्त्राचा पाया घातला. त्यांना १९३२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी ॲग्नेसबाईंना सत्तर वर्षे पूर्ण झाली, आणि ब्राउनश्वाइगच्या तंत्रविद्यापीठाने त्यांना सन्मानपूर्वक डॉक्टर ही पदवी अर्पण केली. तारुण्यात ज्यांना विद्यापीठाच्या वर्गात बसता आले नाही, त्यांच्या वृद्धपणी विद्यापीठानेच त्यांचा गौरव केला. २१ नोव्हेंबर १९३५ रोजी त्यांचे निधन झाले.

आपल्या पात्राचा संबंध नवजात बालकांच्या प्राणांशी येईल, हे ॲग्नेसबाईंच्या स्वप्नातही आले नसेल. तो संबंध असा आहे. आपल्या फुप्फुसांत कोट्यवधी अतिसूक्ष्म वायुकोश असतात. ते आतून ओलसर असतात, आणि जेथे पाणी व हवा एकत्र येतात तेथे पृष्ठताण आलाच. हा ताण वायुकोशांना सतत आखडू पाहतो. श्वास सोडला की वायुकोश लहान होतात. त्या वेळी हा ताण तसाच राहिला तर ते मिटून जातील आणि पुन्हा फुगवण्यास फार जोर लावावा लागेल. फुगा पहिल्यांदा फुगवताना गाल किती दुखतात, हे ज्याने अनुभवले आहे त्याला ही अडचण सहज कळेल. १९२९ मध्ये स्वित्झर्लंडमधील डॉक्टर नीरगार्ड यांनी दाखवले की, फुप्फुस हवेने फुगवण्यास जेवढा जोर लागतो, त्याहून कमी जोर ते द्रवाने भरण्यास लागतो. कारण द्रवाने भरल्यावर आत पृष्ठभागच उरत नाही. परंतु त्यांच्या या शोधाकडे पुढे पंचवीस वर्षे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

मग प्रत्येक श्वासाला आपल्याला एवढे कष्ट का पडत नाहीत? याचे उत्तर १९५७ मध्ये अमेरिकेतील जॉन क्लेमंट्स यांनी शोधले. फुप्फुसातून काढलेला द्रव त्यांनी एका पात्रात ठेवला आणि सरकत्या आडपट्टीने त्याचा पृष्ठभाग आखडत नेला. रीत तीच होती, जी ब्राउनश्वाइगच्या एका घरात जन्मली होती. पृष्ठभाग आखडताच ताण झपाट्याने उतरला, आणि पसरताच तो पुन्हा वाढला! फुप्फुसांत एक स्निग्ध द्रव्य असते आणि त्याचा पातळ थर वायुकोशांना आतून अस्तरासारखा लागलेला असतो. श्वास सोडताना वायुकोश आखडतात, थरातील कण दाटतात, ताण उतरतो आणि वायुकोश मिटत नाहीत. या द्रव्याला सरफॅक्टंट असे म्हणतात. ॲग्नेसबाईंना जे पत्र्याच्या पात्रात दिसले होते, ते आपल्या प्रत्येकाच्या छातीत दर श्वासाला घडत असते.

आईच्या पोटात बाळाच्या फुप्फुसांत हे द्रव्य शेवटच्या काही आठवड्यांतच पुरेसे तयार होते. म्हणून फार लवकर जन्मलेल्या बाळाला ते अपुरे पडते. श्वास घेताना त्याची छाती खोल ओढली जाते, ते कण्हू लागते, निळे पडू लागते आणि थोड्याच वेळात थकून जाते. अशी असंख्य बालके पूर्वी दोन-तीन दिवसांत दगावत, आणि डॉक्टरांना कारण कळत नसे. १९५९ मध्ये मेरी एलेन एव्हरी व जेरे मीड यांनी अशा मृत बालकांच्या फुप्फुसांतील द्रव याच रीतीने तपासला. त्याचा पृष्ठभाग आखडला तरी ताण पुरेसा उतरत नव्हता. कारण सापडले, परंतु उपाय अजून दूर होता. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा पुत्र पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला आणि याच विकाराने दोन दिवसांत वारला. राष्ट्राध्यक्षाची सत्ता आणि संपत्तीही त्याला वाचवू शकली नाही.

पुढे १९८० मध्ये जपानमधील डॉक्टर तेत्सुरो फुजिवारा यांनी गाईच्या फुप्फुसांतून मिळवलेल्या सरफॅक्टंटपासून औषध तयार केले. ते त्यांनी अशा दहा अपुऱ्या दिवसांच्या बालकांच्या श्वासनलिकेत बारीक नळीने सोडले. थोड्याच काळात त्यांची निळसर कांती गुलाबी होऊ लागली. त्यानंतर हा उपचार जगभर पसरला आणि त्याने असंख्य बालकांचे प्राण वाचवले. मोठ्या माणसांनाही गंभीर आजारात फुप्फुसे सुजून तीव्र श्वासविकार जडतो. परंतु तेथे केवळ द्रव्याची उणीव नसते. सुजलेल्या फुप्फुसांत रक्तातील द्रव पाझरतो आणि बाहेरून दिलेले सरफॅक्टंटही निकामी करतो. त्यामुळे या उपचाराने मोठ्या माणसांचे मृत्यू कमी झाल्याचे प्रयोगांत आढळले नाही. तो प्रश्न अजून सुटायचा आहे.

ब्राउनश्वाइगच्या तंत्रविद्यापीठाने शाळकरी मुलांसाठी एक प्रयोगशाळा उघडली आहे आणि तिला ॲग्नेस पॉकेल्स यांचे नाव दिले आहे. ज्या शहरात एका मुलीला प्रयोग करण्यासाठी स्वयंपाकघरावाचून दुसरी जागा नव्हती, त्याच शहरात आज मुले-मुली तिच्या नावाच्या प्रयोगशाळेत येतात आणि स्वतःच्या हातांनी प्रयोग करतात. पाण्यावरचा तवंग सर्वांनाच दिसतो. तो पाहून प्रश्न विचारावा, उत्तर मोजून काढावे आणि ते मिळेपर्यंत कंटाळू नये, हे मात्र फार थोड्यांना साधते. ॲग्नेसबाईंना ते साधले, आणि त्यांनी कधीही न पाहिलेल्या बालकांच्या वाट्याला त्याचे फळ आले.